तिचा खो

माझा आवाज मोठा आहे. टपाल खात्यात काउंटरवर बसणाऱ्या बाईचा आवाज बारीक असून चालत नाही. रांगेतला शेवटचा माणूस तिला खिशात घालतो. घरीही मी त्याच पट्टीत बोलते. नवरा म्हणतो, तू अमरावतीत भाजीवाल्याशी भाव केलास की बडनेऱ्याचे भाजीवाले दर उतरवतात. आणि अशा माझ्या पोटी मुलगी जन्मली ती ठार बहिरी. देवाला थट्टेची फार हौस आहे, असं मी तेव्हा म्हणायचे. आता म्हणत नाही, कारण पोरगी माझ्यापेक्षा भांडखोर निघाली आणि हिशेब बरोबर झाला.

कानात मशीन घातलं की तिला ट्रकचा हॉर्न कळतो, लग्नातलं डफडं कळतं. शब्द कळत नाहीत. ते ती आमच्या ओठांवरून उचलते आणि उरलेलं आम्ही हातांनी सांगतो. बोलायला तिला स्पीच थेरपीच्या बाईंनी शिकवलंय, आरशासमोर बसवून, गळ्यावर हात ठेवून. तिचा आवाज जाड आहे, थोडा नाकातून येतो, अक्षरं गळतात. पण घरात ती भरपूर बोलायची. वांग्याची भाजी नको यावर ती एवढी भाषणं द्यायची की नवरा स्वतःच्या ताटातली भाजी मुकाट्याने संपवायचा. आम्हाला दोघांना तिचं सगळं समजायचं. इतरांना मी सांगायचे.

मग माझ्या भावाचं लग्न आलं. माझं माहेर अकोल्याचं. लेक तेव्हा चौथीत होती. मंडपात जेवणाची गर्दी, आणि तिला मी दिसेना. ती खुर्चीवर उभी राहिली आणि जीव खाऊन ओरडली, "आई!" तिची 'आई' ही हाक तुमच्याआमच्यासारखी नाही. घशाच्या तळातून येते आणि मध्येच फाटते. नवरीकडची चार पोट्टी शेजारी बसली होती. त्यातल्या एकाने तसाच आवाज काढला. मग दुसऱ्याने. मग सगळी पंगत हसली. मोठी माणसंही हसली, आणि त्यात दुष्टावा नव्हता, लग्नात हसतात तसं हसली. मी पोहोचले तेव्हा ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. ज्याला ऐकू येत नाही त्याला हसणं फार स्पष्ट दिसतं.

त्यातल्या दोघांच्या पाठीत मी तिथंच धपाटे घातले. एकाची आई माझ्याशी अजून बोलत नाही, त्याचं मला काडीचं दुःख नाही. पण त्या दिवसापासून लेकीने घराबाहेर तोंड उघडलं नाही. शाळेत नाही, दुकानात नाही, आजोळी तर नाहीच. उंबरा ओलांडला की ओठ शिवल्यासारखे. डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. बाई म्हणाल्या, जबरदस्ती नको. मी वेळ दिला, जबरदस्ती केली नाही, आणि तिच्या वाट्याचंही मीच बोलत राहिले. मला बोलायला आवडतं, त्यामुळे ते कुणाला खटकलं नाही.

आमचं घर शहराच्या कडेच्या एका लेआउटमध्ये आहे. प्रत्येक लेआउटला एक ओपन स्पेस असते. कुठे तिथे मंदिर होतं, कुठे सभागृह, आमच्याकडे दोन्हींसाठी भांडणं चालू असल्यामुळे मैदान शिल्लक राहिलं. संध्याकाळी पोरं तिथेच. माझ्या लेकीलाही ती खेळायला घ्यायची, आणि फार प्रेमाने घ्यायची. तिला त्यांनी दूधभात केलं होतं.

दूधभात म्हणजे खेळात आहे पण मोजणीत नाही. लहान भावंडं मागे लागली की त्यांना असंच घेतात. त्याला कुणी पकडलं तरी तो आउट नाही, त्याच्यावर डाव येत नाही. मलाही त्यात काही वाईट दिसलं नव्हतं. लेकीला तर कुणी सांगितलंच नव्हतं. बरेच दिवस तिला वाटत होतं की आपल्याला कुणी आउटच करू शकत नाही. ती घरी येऊन दंड फुगवून दाखवायची. मग एक दिवस तिने शेजारच्या मैत्रिणीला खोदून विचारलं आणि मैत्रिणीने तळहातावर भात कालवल्याची खूण केली. लेक घरी आली आणि तिने अंगणातली बादली लाथेने उडवली.

त्याच सुमारास आपा मैदानावर आल्या. आपा मागच्या गल्लीत राहतात. उर्दू शाळेत त्या आयुष्यभर खेळाच्या शिक्षिका होत्या, आणि रिटायर झाल्यावर घरी बसून गुडघे दुखतात म्हणून त्यांनी शिट्टी पुन्हा गळ्यात घातली. त्यांनी फक्कीने रेघा मारल्या, दोन खांब रोवले आणि जाहीर केलं, रोज संध्याकाळी खो-खो. कुणीही या. चालणारा, न चालणारा, बघणारा, न बघणारा, सगळे या. "पर एक बात," त्या म्हणाल्या, "माझ्या मैदानावर दूधभात नाही."

पोरं आली. लेआउटमधली धडधाकट पोरं तर होतीच. शिवाय पायात कॅलिपर घातलेला एक मुलगा आला, उशिरा समजणारी पण एकदा समजलं की कधीच न विसरणारी एक मुलगी आली, आणि पलीकडच्या वस्तीतून एक मुलगा आला, ज्याला फक्त उजेड आणि माणसाचा आकार दिसतो. समोरून कुणी पळालं तर कळतं, कोण पळालं ते कळत नाही. त्याच्यासाठी आपांनी खांबांना पिवळंजर्द कापड गुंडाळलं. माझ्या लेकीला शिट्टी ऐकू येत नाही म्हणून शिट्टीबरोबर लाल दस्ती, म्हणजे हातरुमाल, वर करायची असं ठरलं. कॅलिपरवाल्याला खांबाजवळची जागा दिली, म्हणजे त्याला वळायला कमी पळावं लागे. एवढ्याच सवलती. कॉलनीतले एक गृहस्थ म्हणाले, फार स्तुत्य उपक्रम आहे, फोटोसहित बॅनर लावू. आपा म्हणाल्या, बॅनर राहू द्या, ट्रॉलीभर मुरूम टाकून द्या. मुरूम आला नाही, बॅनरही आला नाही.

खो-खो ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत आहे, बसणारी टीम एका ओळीत बसते, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. त्यातला एकजण पळणाऱ्यांच्या मागे धावतो. धावणाऱ्याला मागे फिरता येत नाही. मग तो बसलेल्याच्या पाठीमागे येतो, त्याच्या पाठीवर हात मारतो आणि "खो" म्हणतो. बसलेला उठून पळतो, पहिला त्याच्या जागी बसतो. आधी हात, मग खो, दोन्ही हवेत. नुसता हात मारला तर फाउल.

आता माझी पोरगी खो कशी म्हणणार? मी दुसऱ्याच दिवशी आपांकडे गेले. माझ्या मते मी फार समजूतदारपणे बोलले. नवऱ्याचं म्हणणं, मी भांडले.

"आपा, ते बाहेर तोंड उघडत नाही. तिचा हात लागला की खो धरा ना."

"नाही धरणार."

"कावून पण?"

"ताई, खो-खोमध्ये खो नाही म्हणायचा तर मंग काय, नमस्ते म्हणायचं?"

"तिले बोलता येत नाही अशानं!"

"येते," आपा म्हणाल्या. "तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या अंगणात उघडते. वांग्याच्या भाजीपायी कोण बोलते मंग?"

मी घरी आले. राग आपांचा आला होता, आणि तो कुठे काढावा हे कळेना म्हणून मी खिडकी लावून घेतली.

लेक खेळायला जात राहिली. पळायला ती चपळ, बसायला ती तयार, आणि जिच्याकडून खो घ्यायचा ती मैत्रीण ओळखीची, म्हणून काही दिवस निभावलं. ती हात मारायची, मुलं खो न ऐकता उठायची, आपा दस्ती वर करायच्या, फाउल. लेक पाय आपटायची. पोरं आपांना म्हणायची, जाऊ द्या ना आपा. आपा जाऊ द्यायच्या नाहीत.

मग एका संध्याकाळी तिचा खो त्या कमी दिसणाऱ्या मुलावर आला. ती पळत आली आणि तिने त्याच्या पाठीवर हात मारला. तो उठला नाही. तिने पुन्हा मारला, जोरात. त्याची मान तिच्याकडे वळली नाही, कारण वळून त्याला कोण ते दिसणार नव्हतंच. तो समोर बघत ओरडला, "कोन हाय? खो म्हन ना! येता-जाता कोनाचाही हात लागते मले, मी कशावर उठू?"

त्याचं तोंड पलीकडे. तिला त्याचे ओठ दिसेनात. तिला वाटलं, हा मुद्दाम करतोय. पळणारी मुलं थांबली. आपांनी शिट्टी वाजवली नाही, दस्ती वर केली नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. मी घरच्या फाटकातून बघत होते. तिला हाताने खो द्यायचा होता आणि त्याला कानाने घ्यायचा होता, आणि दोघांपैकी कुणाचंही चुकत नव्हतं. शेवटी मैत्रिणीने तिला समोर जाऊन सांगितलं, त्याला दिसत नाही, तो आवाजावर उठतो. लेक तशीच मैदान सोडून घरी आली.

नंतर ती दोन-तीन दिवस गेली नाही. अंगणात उभी राहून मैदानाकडे बघायची. मी काही म्हटलं नाही, आणि ज्याला माझा स्वभाव माहीत आहे त्याला हे किती अवघड होतं ते कळेल. मग एका संध्याकाळी तिने कानातलं मशीन काढून माझ्या हातावर ठेवलं, घामाने खराब होतं म्हणून खेळताना ती काढून ठेवते, आणि पळाली.

मी भांडी घासत होते. खिडकी मी लावून घेतलेली, तरी आवाज आला. जाड, नाकातला, ख कमी आणि ओ जास्त. हातातली कढई मी मोरीत टाकली आणि फाटकाकडे धावले. तो मुलगा उठून पळत होता आणि माझी लेक त्याच्या जागी बसली होती. गुडघ्यांत मान घालून, कुणाकडे न बघता. कुणी हसलं नाही. कुणाला वेळच नव्हता, पळणारी मुलगी आउट होत होती.

नंतर तो मुलगा पाणी प्यायला आमच्याकडे आला. मी विचारलं, तुला तिचा खो समजला का रे. तो म्हणाला, "काकू, तिचाच तं समजते. बाकीच्यायचे आवाज सारखेच वाटते. तिचा आला की मले माहीत होते का हे आली, अन् हे कवाबी डावीकडूनच येते. मंग मले पळ्याले बरं जाते." मी ते लेकीला सांगितलं. तिने मला पुन्हा सांगायला लावलं. मग पुन्हा. मग ती आरशासमोर जाऊन उभी राहिली आणि गळ्यावर हात ठेवून खो म्हणाली. मी आत जाऊन थोडी रडले. आनंद झाला होता, त्यात लपवण्यासारखं काय आहे.

इथपर्यंत सगळं आमच्या ओपन स्पेसमधलं. आपल्या गल्लीत माणूस कसाही बोलतो. खरी गोष्ट अकोल्याची.

आपांची एक जुनी विद्यार्थिनी अकोल्यात असंच मैदान चालवते. तिने हिवाळ्यात आम्हाला सामन्याला बोलावलं. मी कुणालाच सांगणार नव्हते, पण अकोल्यात माझ्या आईपासून काही लपत नाही. तिला कसं कळलं देव जाणे. तिचा फोन आला की मी येणार, भाऊ-वहिनी येणार, आणि वहिनीची भाचरं सुटीला आलीत तीही येणार. म्हणजे त्या लग्नातली पोट्टीच. आता मिसरूड फुटलेली.

लेकीने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. तिने विचारलं, "मामा?" मी हो म्हटलं. "आणि ती मुलं?" मी हो म्हटलं. खोटं बोलून उपयोग नव्हता. ती बराच वेळ बुटाची लेस ओढत बसली. मग घरातल्या आवाजात म्हणाली, "हसतील?"

"हसतील कदाचित," मी म्हटलं. "मी पुन्हा धपाटे घालीन."

"तू नको," ती म्हणाली. "तू बसून राहा."

मला ते लागलं. पण मी कबूल केलं.

रविवारी सकाळी आम्ही क्रूझर गाडीने निघालो. आपा पुढे, पोरं मागे एकमेकांच्या मांडीवर. मूर्तिजापूरला चहा घेतला, दुतर्फा तुरी उभ्या होत्या, पोरं गाण्यांच्या भेंड्या खेळत होती आणि माझी लेक खिडकीला डोकं टेकवून बसली होती. मैत्रिणीने तिला एकदा हलवून विचारलं, बोलशील ना? तिने खांदे उडवले. त्या प्रवासात मला एवढंच कळत होतं की आज जर तिने अकोल्यात तोंड मिटलं तर ते पुन्हा आमच्या ओपन स्पेसवरही उघडणार नाही. ज्यांच्यापायी बंद झालं होतं ती माणसं समोर बसणार होती.

मैदान छान होतं, आमच्यापेक्षा चांगलं. मंडप, खुर्च्या, माइक. माझी आई पहिल्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, शेजारी माझ्यासाठी खुर्ची धरून. भाऊ-वहिनी मागे. ती पोट्टी दोरीला रेलून उभी. पंच एक जाडजूड, फार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आपांना विचारून लाल दस्ती खिशात ठेवली होती. कुणाचाही काही दोष नव्हता, उलट सगळे जरा जास्तच चांगले होते.

तो सामना आम्ही हरलो, हे आधीच सांगून टाकते.

पहिल्या डावात आम्ही बसलो. लेकीला खो मिळाला, ती उठली, पळाली, आणि नेमकी त्या कमी दिसणाऱ्या मुलाच्या पाठीमागे आली. हात मारला. तोंड उघडलं. आणि तिची नजर दोरीकडे गेली. तोंड मिटलं. तो मुलगा जागचा हलला नाही. लाल दस्ती वर झाली.

"काय झालं वं?" आई मला म्हणाली. आजोळी लेक फक्त हातवारे करायची, आणि तिच्याबद्दल सगळं मला विचारायची आईला सवयच. मी म्हटलं, खो म्हणाली नाही. "अवो, पन ते कशी म्हनन?" आई म्हणाली.

पंचांनाही तेच वाटलं. त्यांनी खेळ थांबवला, माइक घेतला आणि गोड आवाजात सांगितलं, "या मुलीला ऐकायला-बोलायला अडचण आहे. तिला खो म्हणण्याची गरज नाही. तिचा नुसता हात लागला तरी आपण खो धरू." सगळ्या मंडपाने टाळ्या वाजवल्या. भावाने वाजवल्या, वहिनीने वाजवल्या, त्या पोट्ट्यांनीही वाजवल्या. आपा रेषेवर हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्चीचे हात धरून ठेवले, कारण बसून राहायचं कबूल केलं होतं.

लेकीला टाळ्या दिसल्या. टाळ्या तिला माहीत आहेत. शाळेच्या कार्यक्रमात ती नुसती स्टेजवर चढली तरी लोक वाजवतात. तिने मैत्रिणीला खुणेने विचारलं, काय म्हणाले? मैत्रीण बसलेली होती, उठता येत नव्हतं, आणि दुरून ओठ वाचता येत नाहीत. तेव्हा तिने बसल्या बसल्या डावा तळहात पुढे केला आणि उजव्या बोटांनी त्याच्यावर भात कालवला.

मला तिचा चेहरा तेव्हा दिसत होता आणि तो मी विसरणार नाही. राग तर होताच. पण बादली उडवली त्या दिवशीचा नव्हे. ती मोठी झाली होती.

पंचांनी तिचा तो हात खो धरला, मुलगा उठला, ती त्याच्या जागी बसली आणि खेळ सुरू झाला. पुढचा खो तिला मैत्रिणीनेच दिला. ती पळाली, खांबाला वळसा घातला, समोरची पळणारी मुलगी ओळीतून निसटली, आणि लेक पुन्हा त्याच मुलामागे आली. हात मारला.

"खो!"

सगळ्या मैदानावर. भावाच्या लग्नात आला होता तसाच आवाज, घशाच्या तळातून आणि मध्येच फाटलेला. हसू आलं. दोरीकडून आलं, मी ऐकलं, आणि खुर्चीवरून अर्धी उठलेही. पण लेक तिकडे बघत नव्हती. ती त्याच्या जागेवर बसून त्याच्याकडे बघत होती. त्याने दोन उड्यांत पळणाऱ्या मुलीचा फ्रॉक पकडला, आणि आउटच्या आरोळीत ते हसू कुठे गेलं ते कुणालाच कळलं नाही. आईने माझा हात ओढून मला खाली बसवलं. "आता ते वरडली काय? आपली?"

"हो," मी म्हटलं.

मग तिचे खो येत राहिले आणि पंचांची सवलत आपोआप मोडीत निघाली. दर वेळी अकोलेकरांचे डोळे थोडे कमी विस्फारले. शेवटी शेवटी तर त्यांची पळणारी मुलं तिचा खो ऐकून दिशा ओळखायला लागली, आणि आपांनी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या डावात आम्हाला शेवटची एक मुलगी आउट करायची होती. वेळ संपत आला होता. लेक धापा टाकत कॅलिपरवाल्या मुलामागे आली, हात मारला, खो म्हणाली, तो उठला. शिट्टी. लाल दस्ती.

"फाउल. खो आधी, हात नंतर," पंच म्हणाले. "मागे फिरा."

लेकीने दस्ती बघितली. मग ती थेट पंचांसमोर जाऊन उभी राहिली. आधी हातांनी सांगितलं: पाठ, हात, आधी. पंचांना त्या खुणा कळल्या नाहीत. ते हसले आणि तिच्या डोक्यावर हात फिरवून म्हणाले, "जाऊ दे बेटा, छान खेळतेस तू."

तिने तो हात बाजूला सारला.

"आत आवला!" ती ओरडली. "आत आदी आवला! म्या आवला! आत आवला, मं खो!"

भरल्या मैदानात, मामासमोर, त्या पोट्ट्यांसमोर, छातीतला सगळा वारा लावून. हाताचा ह आमच्याकडे चांगली धडधाकट माणसंही गिळतात, पण लावलाचा पहिला ल तिला कधीच जमला नाही. एका शब्दाला एक पाय आपटत ती भांडत होती. थांबेचना. पंच तिच्याकडे बघत राहिले, मग आपांकडे, मग मंडपाकडे, की कुणीतरी सांगा ही काय म्हणते.

सांगायला मी होतेच. तेच तर माझं काम. मी तोंड उघडून आईकडे वळले, आधी तिला सांगावं म्हणून. आईची खुर्ची रिकामी होती. पिशवी खाली पडली होती, एक चप्पल खुर्चीपाशीच राहिली होती, आणि माझी आई, जिला नातीचा एक शब्द आजवर मी सांगितल्याशिवाय समजला नव्हता, दोरी वर करून मैदानात शिरली होती आणि पंचांसमोर नातीच्या शेजारी उभी होती.

"अवो साहेब!" ती म्हणाली. "पोरगी सांगून राह्यली ना तुमाले, हात आधी लावला म्हनून! आयकू येत नाही काय?"